समुद्राचे पाणी, कुंचल्याचे पाणी

आमच्या घरी वडिलांच्या रियाजाच्या खोलीत एक जलरंगातले चित्र टांगलेले असे. दीड वीत उंच, अडीच वीत रुंद. खाली ओल्या वाळूचा पट्टा, पाण्याच्या कडेला टेकलेली एक होडी, उजवीकडे दूरवर देवळाचे शिखर, आणि वर राखी-निळे आभाळ. चित्र द्वारकेचे होते. वडिलांचे एक स्नेही ड्रॉइंग मास्तर होते. नोकरीनिमित्त काही वर्षे ते ओखामंडळात राहिले होते. सुटीत बडोद्यास आले की दिवेलागणीला आमच्याकडे गाणे ऐकावयास येत. एकदा येताना त्यांनी हे चित्र कागदात गुंडाळून आणले आणि तंबोऱ्याशेजारी ठेवून दिले. वडिलांनी त्याला चौकट करवून घेतली आणि पूर्वेकडच्या खिडकीसमोर, खोलीतल्या सर्वांत मानाच्या जागी लावले.

वडील त्या चित्राला ‘मास्तरांचा मारवा’ म्हणत. आम्हा मुलांना याचे हसू येई. मारवा हा दिवस मावळतानाचा राग. कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम मुळीच नाही, आणि षड्जावरही गवई लवकर विसावत नाही. त्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनाला घरी परतावयास उशीर झाल्याची रुखरुख लागते. चित्रातली वेळ मात्र आम्हाला पहाटेची, तीही ढगाळ पहाटेची वाटे. माझी थोरली बहीण म्हणे, “अण्णांना ललत म्हणावयाचे असेल, तोंडातून मारवा येते.” वडील त्यावर काही बोलत नसत. ते दरबारी गवयांच्या अखेरच्या पिढीतले. अगदी पोरवयात कलावंत कारखान्याच्या पटावर त्यांचे नाव लागले, आणि १९४९ साली संस्थान विलीन झाले तेव्हा त्यांना नुकती मिसरूड फुटत होती. मी त्यांचे उतारवयातले शेंडेफळ. मुलांच्या थट्टेला उत्तर देण्याची त्यांची रीत नव्हती.

हे सारे आज सांगावयाचे कारण असे की, शिकागोस राहणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने मला एक जाडजूड पुस्तक पाठविले. विन्स्लो होमर या अमेरिकन चित्रकाराच्या जलरंगातील चित्रांचे ते पुस्तक. चित्रकलेत माझी गती बेताचीच. पण ‘गुरुजी, यात समुद्र फार आहे’ अशी चिठी तिने आत घातली होती, आणि बडोद्याच्या माणसाला समुद्राचे अप्रूप असतेच.

बडोदे शहराला समुद्र नाही, पण बडोदे संस्थानाला होता, ही गोष्ट नव्या पिढीला सांगावी लागते. ओखामंडळ आणि कोडीनार हा समुद्रकाठचा मुलूख गायकवाडांच्या राज्यात होता, आणि ओख्याचे बंदर सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीतच उभे राहिले. आपल्यापैकी कित्येकांच्या आजोबा-पणजोबांनी तिकडे वहिवाटदार, मास्तर किंवा डॉक्टर म्हणून दिवस काढले आहेत. शंखशिंपल्यांनी भरलेली एखादी पेटी अजूनही जुन्या घरांच्या माळ्यावर सापडते.

होमरचा जन्म १८३६ साली बॉस्टनचा. त्याची आई स्वतः जलरंगात फुलांची चित्रे काढीत असे. मुलाने मात्र आरंभी शिळाछापाच्या कारखान्यात उमेदवारी केली, पुढे ‘हार्पर्स वीकली’ या साप्ताहिकासाठी अमेरिकन यादवीच्या छावण्यांतून रेखाचित्रे पाठविली, आणि १८७३ साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी जलरंग नेटाने हाती घेतले. १८८१-८२ मध्ये इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर कलरकोट्स या कोळ्यांच्या गावी तो राहिला. तेथला समुद्र थंड, राखी आणि रागीट. परत आल्यावर १८८३ पासून मेन प्रांतातल्या प्राउट्स नेक नावाच्या खडकाळ भूशिरावर त्याने कायमचे बिऱ्हाड केले. असा हा उत्तरेच्या थंडीतला मनुष्य १८८४-८५ च्या हिवाळ्यात बहामा बेटांतील नासाऊ गावी उतरला. ‘सेंच्युरी’ मासिकाने त्याला काम दिले होते: सुखवस्तू अमेरिकनांनी हिवाळा घालवावा अशा या रम्य ठिकाणाची चित्रे काढून द्यावयाची.

येथे भूगोलाची एक गंमत आहे. उष्णकटिबंधातल्या किनाऱ्यांचा चित्रकार म्हणून होमरचे नाव घेतात. पण नासाऊ हे कर्कवृत्ताच्या दीड-एक अंश उत्तरेला आहे. उलट आपले बडोदे आणि द्वारका दोन्ही कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, म्हणजे काटेकोर हिशेबाने उष्णकटिबंधात. होमर जे पाहावयास दोन हजार किलोमीटर गेला, ते ऊन आपल्या अंगणात रोज पडते. आपल्याला त्याची किंमत नाही, एवढेच.

पण नासाऊचा समुद्र निराळा हे खरे. बहामा बेटे ज्या पाणथळ पठारावर उभी आहेत ते चुनखडीचे आहे. पुष्कळ ठिकाणी पाणी चार-सहा पुरुष खोल, तळाशी शंखशिंपल्यांच्या चुऱ्याची आणि चुन्याच्या कणांची पांढरी वाळू, आणि पाण्यात गाळ जवळजवळ नाही. पाण्याचा गुण असा की ते प्रकाशातला तांबडा भाग आधी गिळते. मग पांढऱ्या तळावरून परत येणारे ऊन हिरवट-निळे होऊन येते. पठार संपले की पाणी एकदम हजारो फूट खोल जाते आणि तेथे रंग गडद निळा होतो. किनाऱ्यावर उभे राहिले की जवळ फिकट हिरवा, पुढे मोरपिशी आणि क्षितिजाशी शाईसारखा निळा, असे रंगाचे पट्टे दिसतात. होमरच्या या चित्रांत हे पट्टे दोन-तीन हातांत घातलेले असतात, आणि तरीही कोठे पाणी उथळ आहे आणि कोठे खोल, हे होडी हाकणाऱ्यालासुद्धा कळावे इतके ते नेमके आहेत.

असल्या समुद्राला जलरंग का मानवतात, हे समजण्यासाठी या माध्यमाचा मूळ धर्म पाहिला पाहिजे. जलरंग म्हणजे रंगाची बारीक पूड आणि डिंकाचे पाणी. डिंक बाभळीच्या जातीच्या झाडाचा. हा लेप इतका पातळ असतो की प्रकाश त्यातून आरपार जातो, खालच्या पांढऱ्या कागदावर आपटतो आणि पुन्हा रंगातून गाळून आपल्या डोळ्यांकडे येतो. नासाऊच्या समुद्रात पांढरी वाळू जे काम करते तेच काम येथे कागद करतो. तैलरंगात पांढरा रंग नळीतून काढता येतो. अस्सल जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद. तो एकदा रंगाखाली गेला की पहिल्यासारखा परत मिळत नाही. म्हणून फेसाची रेघ, शिडाचा उजळ काठ किंवा उन्हातली भिंत कोठे येणार, हे कुंचला भिजविण्यापूर्वीच मनात ठरवावे लागते. आमच्याकडे ख्याल मांडताना कोणता स्वर राखून ठेवावयाचा हे आधी ठरवावे लागते, तसेच हे. शिष्यांना मी नेहमी सांगतो की, जो स्वर अजून घेतला नाही तोच तुमच्या गाठीचा पैसा.

आपल्याकडे हे माध्यम कोणत्या उंचीवर गेले होते हे पाहावयाचे असेल त्याने म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील संग्रहात सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे ‘ग्लो ऑफ होप’ पाहावे. हळदणकर (१८८२–१९६८) हे सावंतवाडीचे, म्हणजे कोकणच्या संस्थानी गावातले. हाताचा आडोसा धरून दिवा नेणारी स्त्री आणि तिच्या बोटांतून पाझरणारा उजेड, हे सगळे १९४५-४६ च्या सुमारास त्यांनी जलरंगात साधले. जाणारे-येणारे त्याला रविवर्म्याचे तैलचित्र समजतात, यातच त्याची थोरवी आणि जलरंगाविषयीचे आपले अज्ञान, दोन्ही आली.

होमरने राखलेला पांढरा पाहावयाचा तर ‘नासाऊची भिंत’ हे १८९८ चे चित्र घ्यावे. पहिल्या भेटीनंतर तेरा-चौदा वर्षांनी, १८९८-९९ च्या हिवाळ्यात तो पुन्हा नासाऊस गेला, आणि त्याची सर्वांत तेजस्वी चित्रे याच खेपेची आहेत. चित्रात एक चुनखडीची भिंत आहे. भिंतीवर लाल फुलांचा बहर डोकावतो, आणि पलीकडे समुद्राची निळी पट्टी व एक पांढरे शीड. भिंत म्हणजे जवळजवळ कोरा कागदच. त्यावर फक्त जांभळट-राखी सावल्यांचे आणि डागांचे पातळ हात फिरविले आहेत. पण नीट पाहिले म्हणजे भिंतीच्या माथ्यावर बसविलेले बाटल्यांच्या काचांचे तुकडे दिसतात. बाग कोणाची आणि कोणाला आत येऊ द्यावयाचे नाही, हे त्या काचा सांगतात. होमर काही बोलत नाही. काच जेथे होती तेथे ती त्याने काढली, एवढेच.

या गोष्टीकडे मला विशेष लक्ष वेधावयाचे आहे. उष्ण प्रदेशातला समुद्रकिनारा म्हटले की दुकानांत आणि उपाहारगृहांत एकच चित्र लावलेले दिसते: वाकलेला माड, निळे पाणी, पिवळी वाळू, आणि माणूस नावालाही नाही, असलाच तर आरामखुर्चीत. होमरलाही मासिकाने बोलाविले होते ते जवळपास अशाच चित्रांसाठी. तो रंगवून बसला ती तेथली काम करणारी काळी माणसे. त्यांच्या पूर्वजांना गुलाम म्हणून आणले होते आणि १८३४ साली कायद्याने त्यांची सुटका झाली होती. समुद्राच्या तळाचे स्पंज काढणारे, मासे धरणारे, शार्क होडीवर ओढून घेणारे हे लोक. ‘कासवांचा कोंडवाडा’ या १८९८ च्या चित्रात, जे आता ब्रुकलिनच्या संग्रहालयात आहे, पाण्यात उभारलेल्या लाकडी कुंपणाशी दोन माणसे एक भले थोरले कासव हातोहात आत सोडीत आहेत. उन्हात चमकणाऱ्या त्यांच्या ओल्या कातडीवरचा उजेड पाहावा. काळ्या वर्णाचा म्हणून एक ठरीव तपकिरी रंग होमरने कोठेही फासलेला नाही. निळ्या आभाळाची, हिरव्या पाण्याची आणि उन्हाची छटा त्या पाठींवर वेगवेगळी पडलेली आहे.

आणि वारा. नासाऊच्या त्याच्या माडांना स्वस्थता नाही. झावळ्या एका अंगाला फाटल्यासारख्या झालेल्या, कुंचल्याचे फटकारे वाऱ्याच्या दिशेने गेलेले. या सुंदर समुद्राला वादळाची बाजू आहे, हे तो विसरत नाही आणि विसरूही देत नाही. १८९९ चे ‘वादळानंतर, बहामा’ हे चित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. वाळूवर फुटलेली होडी, आजूबाजूस वाहून आलेले शेवाळ, आणि शेजारी उताणा पडलेला एक तरुण. आभाळ अजून काळे, पण एका बाजूने उजेड फुटू लागला आहे. लाटांच्या माथ्यावरचा फेस काही ठिकाणी कागद कोरा ठेवून, काही ठिकाणी ओला रंग टिपून घेऊन, तर काही ठिकाणी वाळलेला रंग चाकूच्या टोकाने खरवडून काढलेला. तो तरुण जिवंत आहे की नाही, हे चित्र सांगत नाही. याच वर्षी होमरने ‘गल्फ स्ट्रीम’ हे तैलचित्र काढले. मोडक्या डोलकाठीच्या होडीवर एकटा मनुष्य, भोवती शार्क, आणि क्षितिजावर पाण्याचा भोवरा. त्याचे पुढे काय होते, असे लोक विचारू लागले तेव्हा म्हातारा चांगलाच चिडला, आणि विषय काय आहे ते चित्राच्या नावातच आहे, अशा अर्थाचे उत्तर त्याने आपल्या व्यापाऱ्यामार्फत पाठविले. १९०६ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने ते विकत घेतले. १९१० साली होमर वारला, त्याच वर्षी ‘नासाऊची भिंत’ आणि त्याची आणखी काही जलचित्रेही तेथे गेली.

ही चित्रे पाहून कोणी होतकरू चित्रकार रंगपेटी घेऊन आपल्या किनाऱ्यावर जाऊ लागला तर त्याला एकच सांगणे आहे. नासाऊचा निळा-हिरवा येथे आणू नये. मालवणास सिंधुदुर्गाभोवती पाणी नितळ असते तेथे थोडा चालेल. पण बहुतेक कोकणकिनाऱ्याचा स्वभाव निराळा. जांभ्या दगडाचे तांबडे कडे, रत्नागिरीकडची काळसर वाळू, पावसाळ्यात नद्यांनी आणलेला गढूळपणा, आणि ओहोटीला मैलभर आरशासारखी चकाकणारी ओली वाळू. आपला खंबायतचा समुद्र तर चहाच्या रंगाचा. जो रंग समोर आहे तो मान्य करण्यात कमीपणा नाही.

मास्तर आमच्याकडे येत तेव्हा वडिलांशी अशाच गोष्टी बोलत, आणि मी कोपऱ्यात बसून ऐकत असे. ते किनाऱ्यावर जाताना गोड्या पाण्याचा तांब्या बरोबर नेत. समुद्राच्या पाण्यात कुंचला बुडविला तर वाळल्यावर मिठाचे कण कागदावर उठतात. कागद सावलीत धरून बसत. कारण उन्हात पांढरा कागद डोळे दिपवितो, मग हात गडद पडतो आणि घरी आल्यावर चित्र काळवंडलेले दिसते. होडी आधी काढून घेत. भरती कोणासाठी थांबत नाही. कोरड्या वाळूवरच्या सावलीत निळा आणि ओल्या वाळूत आभाळ घालावयाचे, हा त्यांचा नियम. कोरडा वारा सुटला की रंगाचा हात कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिले टोक वाळून कडा धरते. दमट हवेत उलट रंग वाळतच नाही. आणि सूर्यास्ताविषयी ते म्हणत, “बुवा, आपल्याकडे सूर्य सरळ खाली उतरतो. विलायतेसारखी तास-तासभर संध्याकाळ नाही. वीस मिनिटांत काय ते गाऊन घ्यावयाचे.” तांबडा-पिवळा आधी ओल्यावर सोडावयाचा, निळा वरून खाली अलगद आणावयाचा, आणि दोघांची गाठ पडेल तेथे कुंचला मुळीच घोटावयाचा नाही, नाही तर चिखल होतो, असेही ते सांगत.

हे बोलणे मला लहानपणापासून पाठ होते. सूर्यास्त काढण्याची एवढी तयारी असलेल्या माणसाने आमच्यासाठी राखी पहाट का काढावी, हा प्रश्न मात्र मला कधी पडला नाही. तो पडला शिकागोच्या पुस्तकामुळे.

होमरचे १८८७ चे एक चित्र आहे. शेतात काम करणारा मुलगा, आणि मागे जवळजवळ कोरे आभाळ. पुष्कळ वर्षे लोक ते आभाळ तसेच समजत होते. आर्ट इन्स्टिट्यूटच्या तज्ज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा त्या पांढऱ्या आभाळात तांबड्या-नारिंगी रंगाचे अतिसूक्ष्म कण अडकलेले आढळले. तपासाअंती ठरले की होमरने तेथे धगधगता सूर्यास्त रंगविला होता. मंजिष्ठेच्या कुळातल्या मुळापासून केलेले आणि त्याच प्रकृतीचे दुसरे नाजूक लाल रंग त्याने वापरले होते, आणि ते उजेडाने उडून गेले. संग्रहालयाने मूळ चित्राला हात लावला नाही. आभाळ कसे असावे याची प्रतिमा निराळी करून दाखविली. त्याच संग्रहालयात रेन्वार या फ्रेंच चित्रकाराचे एक व्यक्तिचित्र आहे. त्याच्या चौकटीखाली झाकलेल्या कडेला मूळचा लालभडक रंग जसाच्या तसा मिळाला. उजेड तेथपर्यंत पोचलाच नव्हता.

हे वाचले आणि मी उठून रियाजाच्या खोलीत गेलो. पूर्वेची खिडकी उघडी होती. सकाळचे ऊन मास्तरांच्या चित्रावर पडले होते, आणि ते रोजच पडत होते. वडील गेल्यानंतर काच बदलली, खोलीला रंग दिला, पण चित्राची जागा मी बदलली नव्हती. मानाची जागा म्हणून.

चौकट उतरविली, मागचे गंजलेले खिळे एकेक करून काढले, पुठ्ठा बाजूला केला. चित्राभोवतीची जाड कागदाची पट्टी उचलली. तिच्याखाली चारी बाजूंनी बोटभर रुंदीचा कागद इतकी वर्षे झाकलेला होता. वरच्या काठाला निळा होता, तो ओळखीचाच. पण डाव्या काठाने खाली येता येता त्या निळ्यात जांभळा शिरला होता, मग गुलाबी, मग केशरी, आणि क्षितिजापाशी रसरशीत तांबडा. समुद्राच्या रेषेखाली तोच तांबडा पाण्यात सांडलेला, आणि अगदी तळाला ओल्या वाळूत गुलाबी आभाळ. पट्टीच्या रेषेवर रंग एकदम संपत होता, आणि तेथून आत आमची राखी पहाट सुरू होत होती.

मास्तरांच्या पेटीत क्रिमसन लेक आणि गॅम्बोज हे दोन रंग नक्कीच असणार. शाळेतल्या त्या काळच्या पेटीत ते असतच. दोन्ही दिसावयास देखणे आणि उजेडात न टिकणारे. ते गेले आणि निळा तेवढा मागे राहिला. मी थोरल्या बहिणीला फोन करून सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे अण्णा बरोबर होते.” वडिलांनी ते चित्र ताजे असताना पाहिले होते. आम्ही हसत होतो तेव्हाही त्यांना ते तसेच दिसत असावे. मास्तर तर पुढेही कित्येक वर्षे त्याच खोलीत, त्याच चित्रासमोर बसून गाणे ऐकत. आपला सूर्यास्त विझत चाललेला त्यांनी पाहिला असेलच. चित्र खिडकीसमोरून हलवा, असे यजमानाला सांगावयाचा त्यांना संकोच झाला असावा.

एका चित्रकार मित्राने मधला भाग पुन्हा रंगवून देण्याची तयारी दाखविली. त्याच्या हाताविषयी मला शंका नाही, पण मी नको म्हटले. तो त्याचा सूर्यास्त होईल.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी असे एखादे चित्र असेल. आजोबांनी परीक्षेसाठी काढलेले, आत्याने माहेरी असताना काढलेले, कोणा स्नेह्याने भेट दिलेले. जलरंगाचे चित्र खिडकीसमोर लावू नये, ऊन कधीच पोचत नाही अशा आतल्या भिंतीवर लावावे. संग्रहालये असल्या चित्रांवर अगदी मंद दिवा ठेवतात आणि काही महिन्यांनी ती उतरवून अंधारात विसाव्यास पाठवितात, कारण उजेडाने झालेले नुकसान साचत जाते आणि भरून येत नाही. कागद काचेला चिकटू देऊ नये. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर टांगू नये, नाही तर बुरशी येते. मागे साधा पिवळा पुठ्ठा घालू नये. त्यातले आम्ल कागदात उतरते, म्हणून आम्लरहित पुठ्ठा मागून घ्यावा. आणि चौकट कधी उघडण्याचा प्रसंग आला तर कारागिराच्या हाती देण्यापूर्वी पट्टीखालच्या कडा स्वतः पाहाव्यात. काही चौकटकार त्या कडा नीटनेटक्या दिसाव्यात म्हणून कापून टाकतात.

आमच्या चित्राची पट्टी थोडी आत सारून ती तांबडी कड उघडी ठेवावी, असे प्रथम माझ्या मनात आले होते. पण उघडी ठेवली की तीही जाणार. म्हणून चित्र पुन्हा पहिल्यासारखेच बंद केले आहे आणि माजघराच्या आतल्या भिंतीवर लावले आहे. तेथे दिवसाही दिवा लावल्याशिवाय ते दिसत नाही. वडिलांच्या तिथीच्या दिवशी, दिवस मावळताना चौकट उघडावयाची, घरातल्या सर्वांनी ती कड पाहावयाची, आणि पुन्हा खिळे ठोकावयाचे, असे आम्ही भावंडांनी ठरविले आहे.